कौटुंबिक हुकूमनाम्याची परजिल्ह्यातील अंमलबजावणी

कौटुंबिक न्यायालयाने दिलेला पोटगी, स्त्रीधन किंवा तत्सम देण्याविषयीचा हुकूमनामा, निर्णीत ऋणको त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर राहत असता किंवा त्याची मालमत्ता तेथे असता, प्रत्यक्षात आणण्याची विधिविहित कार्यपद्धती. हुकूमनामा मिळणे आणि पैसा हाती येणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरीसाठी जी दरखास्त करावी लागते, तिचा मार्ग हुकूम कोणत्या कायद्यान्वये झाला यावर अवलंबून असतो.

नांदेड जिल्ह्यातील नायगाव परिसरातून पुणे, मुंबई, हैदराबाद या शहरांकडे रोजगारासाठी स्थलांतर होत असते. समजा, पतीसह नांदेड येथे राहिलेली व आता नायगावला माहेरी असलेली स्त्री नांदेडच्या कौटुंबिक न्यायालयातून हुकूमनामा मिळविते. पती पुण्यास नोकरीला असून त्याची शेतजमीन लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात आहे. हुकूमनामा नांदेडचा, व्यक्ती पुण्यात आणि मालमत्ता तिसऱ्याच ठिकाणी, अशी ही स्थिती होय.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ याच्या कलम १८ अन्वये अशा हुकूमनाम्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असून त्याची अंमलबजावणी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे होते. ती मूळ न्यायालय करू शकते; तसेच हुकूमनामा ज्याच्याकडे पाठविला जाईल असे दुसरे कौटुंबिक अथवा साधे दिवाणी न्यायालयही करू शकते. मात्र २००२ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार (कलम ३९, पोटकलम ४) हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयास आपल्या हद्दीबाहेरील व्यक्ती वा मालमत्ता यांविरुद्ध त्या कलमाच्या आधारे अंमलबजावणी करता येत नाही. म्हणून हुकूमनामाधारकाने प्रथम मूळ न्यायालयात तो वर्ग करण्याचा अर्ज करावयाचा असतो. मूळ न्यायालय हुकूमनाम्याची प्रत, फेड किती झाली वा झाली नाही याचा दाखला आणि अंमलबजावणीचा पूर्वी काही आदेश झाला असल्यास त्याची प्रत पाठविते. हुकूमनामा परराज्यातील न्यायालयाकडेही थेट पाठविता येतो. स्वीकारणाऱ्या न्यायालयास तो स्वतःच दिलेला असावा इतके अधिकार मिळतात (कलम ४२). त्याच्या गुणावगुणांची फेरतपासणी मात्र त्यास करता येत नाही. परिणाम काय झाला, ते त्याने मूळ न्यायालयास कळवावयाचे असते. दरम्यान मालमत्ता विकली जाण्याची भीती असल्यास मूळ न्यायालय कलम ४६ अन्वये दुसऱ्या न्यायालयास जप्तीचा आदेशलेख पाठवू शकते. ही जप्ती, मुदत वाढविली नाही तर, सामान्यतः दोन महिने टिकते.

वेतनाविषयीची तरतूद विशेष उपयुक्त आहे. ऋणको सरकारी, रेल्वेचा किंवा स्थानिक संस्थेचा नोकर, उदा., जिल्हा परिषदेचा शिक्षक, असल्यास वेतन वाटणारा अधिकारी हद्दीबाहेर असला तरी मूळ न्यायालय त्यास कपातीचा आदेश देऊ शकते (आदेश २१, नियम ४८). खाजगी नोकराच्या बाबतीत तो अधिकारी हद्दीतच असावा लागतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात वेतनाचा केवळ एक तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. इतर हुकूमनाम्यांत पहिले १,००० रुपये व उर्वरित रकमेचे दोन तृतीयांश मुक्त असतात. शेतकऱ्याची अवजारे, आवश्यक जनावरे, बियाणे व राहते घर यांनाही जप्तीपासून संरक्षण आहे.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ याच्या कलम १२५ खालील पोटगीचा मार्ग वेगळा आहे. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ याच्या कलम १४४ ते १४७ मध्ये आहेत. येथे हुकूमनामा वर्ग करावा लागत नाही. आदेशाची प्रत लाभार्थीस विनामूल्य मिळते आणि ऋणको ज्या ठिकाणी असेल तेथील कोणताही दंडाधिकारी, पक्षकारांची ओळख व थकबाकी यांविषयी खात्री झाल्यावर, तो आदेश अंमलात आणू शकतो. वसुलीच्या वॉरंटानंतरही रक्कम थकल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते; पण कैद भोगल्याने देणे फिटत नाही. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करणे आवश्यक असते. दिवाणी हुकूमनाम्यास ही मुदत सामान्यतः बारा वर्षे आहे. दोन मुदतींमधील हा फरक ध्यानात न आल्यास जुनी थकबाकी या मार्गाने वसूल होत नाही.

नांदेड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानी न्यायालयांचे हुकूमनामे ब्रिटिश प्रदेशात विशेष अधिसूचनेशिवाय बजावता येत नसत. दिवाणी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९५१ पासून या भागास लागू झाली आणि तो अडसर दूर झाला.

सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीचा आदेश पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो, असे स्पष्ट केले. अंमलबजावणीची प्रकरणे सहा महिन्यांत निकालात काढावीत, असा निर्देश त्याच न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ रोजी दिला. तथापि ज्याचा पत्ता बदलत राहतो व ज्यास वेतनपत्रक नाही, अशा मजुराकडून वसुली करणे अवघडच असते. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैदेचा आदेश देण्यापूर्वी ऋणकोची ऐपत असून तो देणे टाळतो किंवा तो पळून जाण्याचा अथवा मालमत्ता लपविण्याचा संभव आहे, यांसारख्या गोष्टींविषयी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. त्यामुळे ऋणकोचा पत्ता, मालक आणि सात-बाराचा उतारा यांची माहिती मिळविणे हे हुकूमनामाधारकाचे पहिले काम ठरते. स्त्रियांना व बालकांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ अन्वये उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सेवेचा हक्क असून त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.