दुष्काळ कोण जाहीर करतं?

‘गर्म हवा’चे दिग्दर्शक एम. एस. सत्यू यांनी यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवर ‘बर’ हा कन्नड चित्रपट केला, त्याला चार दशकं उलटली. अनंत नागने रंगवलेला त्यातला तरुण जिल्हाधिकारी माणसांची तडफड रोज पाहतो. जिल्हा दुष्काळग्रस्त जाहीर व्हावा म्हणून तो सरकारदरबारी धडपडतो आणि राजकारण त्याला आडवं येतं. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावातून नरसी, देगलूर करत पुढं गेलं की कर्नाटकाची हद्द जवळच. हद्दीच्या अलीकडेही तेच दुखणं आहे.

पाऊस दडी मारतो, सोयाबीनच्या शेंगा पोचट राहतात, तरी कागदावर दुष्काळ वर्षानुवर्षं येत आला तो पैसेवारीतून. शेतात दोरी लावून चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून काट्यावर तोलायचं आणि ते वजन ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचं. ५० पैशांच्या आत आकडा आला तर गाव टंचाईत. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, मग सुधारित, डिसेंबरात अंतिम. तोवर शेतकऱ्याचं रान मोकळं झालेलं असतं. केंद्राच्या २०१६च्या संहितेनं पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई असे निकष आणले. तरीही २०२३मध्ये राज्यातले ४० तालुके आधी जाहीर झाले आणि बाकीच्या महसूल मंडळांसाठी ओरड झाल्यावर ‘दुष्काळसदृश’ यादी निघाली. यादीत नाव असणं म्हणजे जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांच्या परीक्षा शुल्काची माफी. म्हणूनच आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांचा जीव त्या यादीत अडकतो.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा देशभरातले कॅमेरे फलाटावर होते. पैसेवारीच्या काट्यापाशी कॅमेरा जात नाही.

आदिनाथ कोठारेचा ‘पाणी’ हा चित्रपट (प्रदर्शन २०२४) नांदेड जिल्ह्यातल्याच नागदरवाडीचा. पाणी नाही म्हणून गावात मुली द्यायला कुणी तयार नाही. हनुमंत केंद्रे गावाला कामाला लावून पाणी आणतो. गोष्ट खरी आहे आणि पर्यावरण रक्षणावरचा राष्ट्रीय पुरस्कार चित्रपटाला मिळाला, हे योग्यच झालं. पण गावानं घाम गाळला म्हणून सरकारी आकडा आपोआप बरोबर येत नाही. श्रमदानाला जमणाऱ्या माणसांनी पीक कापणीच्या दिवशीही बांधावर उभं राहायला हवं, कुठलं शेत निवडलं आणि किती वजन भरलं ते विचारायला हवं. अंतिम होण्याआधीच्या हंगामी पैसेवारीवर हरकत घेता येते, आणि ती मुदतीतच नोंदवावी लागते.