लॅपटॉप मध्येच बंद पडतो? आधी हिशेब वाचवा!

महिन्याची 20 तारीख जवळ आलेली, जीएसटीचे विवरणपत्र भरायचे, आणि बिले चढवता चढवता लॅपटॉप आपोआप बंद! गेल्या उन्हाळ्यात आमच्यावरच ही वेळ आली. घाईघाईने मदरबोर्ड बदलायला निघालो होतो; खरा दोष निघाला पंख्यात साचलेल्या धुळीचा.

व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे की, प्रथम हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. यंत्र पुन्हा मिळेल, उधारीची नोंद मिळणार नाही.

मग लॅपटॉप कधी बंद पडतो ते पाहा. काही वेळाने, तळ तापल्यावर पडत असेल तर बहुधा उष्णतेचा दोष. प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. लाकडाचा भुसा किंवा कापसाचे तंतू उडणाऱ्या कारखान्यात जाळी लवकर तुंबते. पंखा साफ करून थर्मल पेस्ट नवी लावून घ्यावी. लॅपटॉप गादीवर ठेवू नये.

चार्जर काढताच बंद पडत असेल तर बॅटरी तपासावी. ती फुगली असल्यास वापर तत्काळ थांबवा. आगीचा धोका असतो. निळा पडदा दिसून यंत्र पुन्हा सुरू होत असेल तर रॅम, हार्ड डिस्क व ड्रायव्हर पाहावेत.

एवढे पाहूनच दुरुस्तीवाल्याकडे जावे. दोष आपल्याला ठाऊक असला की नको तो सुटा भाग गळ्यात पडत नाही.