दोन किल्ल्यांची तिजोरी

गेल्या वर्षी मे महिन्यात आमचं बिऱ्हाड साताऱ्याहून मांजर्लीत आलं. मुलगा आणि सूनबाई दोघंही मुंबईत नोकरीला, घर बदलापूर पश्चिमेला, आणि नातीला नुकतीच तीन वर्षं पूर्ण झालेली. इथून सीएसएमटी ६८ किलोमीटर. सकाळी सातच्या आत लोकल गाठणारी माणसं रात्री आठाला घरी येतात. मधले तेरा तास मुलीजवळ कोण, या प्रश्नाचं उत्तर म्हणून आमची बदली झाली. निवृत्तीनंतरही बदली टळत नाही.

नव्या गावात पहिल्या आठवड्यात दूधवाला मिळतो, दुसऱ्या आठवड्यात गॅसवाला, महिनाभरात बरासा डॉक्टर. बालवाड्याही मिळतात, ढिगाने मिळतात. पण निवडायची कशी? साताऱ्यात प्रश्नच नव्हता. ज्या बाईंकडे मुलगा गेला त्यांच्याकडेच नात गेली असती. इथे शेजाऱ्यांना येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्यांचं मत विचारावं, तर तेही कुणाला तरी विचारूनच ठरवलेलं.

तेव्हा सौ. आणि मी चपला घातल्या आणि मांजर्ली, बेलवली, हेंद्रेपाडा पायाखाली घातलं. बहुतेक बालवाड्या इमारतींच्या तळमजल्यावर. भिंतीवर मिकी माऊस, पाटीवर ‘इंटरनॅशनल’, आत प्लास्टिकची घसरगुंडी. ऑफिसात माहितीपत्रक, फीचे हप्ते, स्नेहसंमेलनाचे फोटो. एका ठिकाणी नातीलाच विचारलं, ‘व्हॉट इज युवर नेम?’ तिने सौ.च्या पदरात तोंड लपवलं. ‘थोडी शाय आहे,’ असा शेरा पडला. मी ३६ वर्षं बँकेत काढली. शाखेचं इन्स्पेक्शन काउंटरवरून करायचं नसतं, ते आतल्या खोलीतून करायचं, हे तिथे शिकलो. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच विनंती करू लागलो, ‘बाथरूम बघू शकतो का?’

का, हे बदलापूरकराला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये या गावातल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने निर्णय काढला, त्यात कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, सारं आलं. ते सगळं हवंच. आम्ही त्यानंतर इथे आलो. पण अजूनही शाळेचा विषय निघाला की लिफ्टमधल्या बायकांचा आवाज खाली येतो. सूनबाईने घर घेतल्यापासून हा विषय एकदाच काढला आणि पुढचं सगळं आमच्यावर सोपवलं. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला विश्वास म्हणू की भीती, मला ठरवता आलेलं नाही.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. यात कुणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. तीस वर्षं सोबत डबा खाल्लेल्या माणसाबरोबरही मी दुसरी किल्ली घेऊन उभा राहिलो आहे, आणि त्याला कधी राग आला नाही. पैशाच्या बाबतीत एवढं आपण सहज करतो. तीन वर्षांचं मूल चड्डी सोडायला जातं तेव्हा मात्र कोण सोबत असतं, हे विचारलं की लोक दुखावतात.

दुखावलेच. एका मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘आमच्याकडे तसलं काही होत नाही.’ मी त्यांना कसलं ते विचारलंही नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी अभिमानाने पडद्यावरचे आठ कॅमेरे दाखवले. कॅमेरे आमच्याही शाखेत होते. काय घडलं ते कॅमेरा नंतर सांगतो. घडताना तो मध्ये पडत नाही. आणि बाथरूमच्या आत तर कॅमेरा नसतोच, नसावाच. तिथे माणूसच लागतं.

कायद्याचाही इथे फारसा आधार नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मुलाला सहाव्या वर्षी हाताशी धरतो; तीन ते सहा वयासाठी सरकार ‘सोय करू शकेल’, एवढंच त्यात आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ही वर्षं शिक्षणाचा पाया मानली, हे बरं झालं. पण ते जुन्या ठाणे जिल्ह्याला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे १९५७ पासून कोसबाडला हेच सांगितलं, करून दाखवलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. अंगणात आई, आजी, शेजारीण, सगळ्यांची नजर असते. आपण अंगणातून तळमजल्याच्या गाळ्यात आलो आणि ती नजर बाहेर राहिली.

शेवटी सापडली ती बालवाडी दोन खोल्यांची. घसरगुंडी नाही, पाटीवरचा रंग उडालेला. दोन बाई, एक मावशी, बावीस मुलं. माझा प्रश्न ऐकून मोठ्या बाई उठल्या आणि सरळ मागे घेऊन गेल्या. भांडं मुलांच्या उंचीचं, दाराला आतून कडी नाही, अर्धं दार वर्गातून दिसणारं. ‘मावशी नेते. ती नेताना आमच्यातली एक दारात उभी असते. रिक्षावाले, इलेक्ट्रिशियन, कुणीही पुरुष वर्ग सुटल्याशिवाय आत येत नाही,’ त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, जणू पोळ्यांना किती पीठ लागतं ते सांगावं. उणिवा आहेत. वर्ग साडेअकराला सुटतो, व्हॅन नाही, पावसात दारापाशी गुडघाभर चिखल. नोकरी करणाऱ्या आईबापांना ही वेळ परवडणारी नाही. आजोबा नसते तर सूनबाईला बहुधा कॅमेरेवाल्यांकडेच जावं लागलं असतं.

प्रवेशाच्या दिवशी बाईंनी एक वही पुढे केली. मुलीला न्यायला कोण येणार, त्यांचे फोटो आणि सह्या. मी चमकलो. ही तर आमची नमुना सही! मुलगा कामावर होता, म्हणून सौ.चा आणि माझा फोटो चिकटवला.

जुलैत एका शुक्रवारी गाड्या बंद पडल्या, म्हणून मुलगा अर्ध्या वाटेवरून परतला आणि लाडाने मुलीला आणायला गेला. नात ‘बाबा, बाबा’ म्हणून आतून उड्या मारत होती. बाईंनी वही उघडली आणि मुलगी दिली नाही. मला फोन आला. मी छत्री घेऊन पोहोचलो तेव्हा चिरंजीव फाटकाबाहेर भिजत, लालबुंद होऊन उभे होते. ‘बाबा, ती माझी मुलगी आहे हे यांना दिसत नाही का?’

मी आधी सही केली. मग बाईंना विचारलं, याचा फोटो आजच चिकटवला तर चालेल का. त्या म्हणाल्या, सोमवारी दोन आणा, एक रेकॉर्डला लागतो.