बल आणि बांधा – लेखांक ९ : डावे-उजवे

माणसाची डावी-उजवी अंगे मुळातच तंतोतंत सारखी नसतात. टेनिसपटूंमध्ये हे ठळकपणे दिसते. लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे स्नायू तर भरलेले असतातच, पण दंडाचे हाडसुद्धा दुसऱ्या हातापेक्षा जाड होते. त्यामुळे आरशात एक दंड किंचित बारीक दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नसते. जिममध्ये नव्याने जाऊ लागलेल्यांची ही काळजी बहुतेक वेळा आरशापुरतीच असते. वजन उचलताना एक बाजू सतत मागे पडत असेल, तर मात्र लक्ष द्यावे लागते.

बारबेलवर हा फरक लपतो. दोन्ही हातांत एकच दांडा असल्याने बळकट बाजू नकळत जास्त भार घेते. बेंच प्रेसमध्ये दांडा तिरका वर जाणे, स्क्वॉटमधून उठताना कंबर एका बाजूला सरकणे, ही त्याची चिन्हे. मागून काढलेल्या व्हिडिओत ती सहज पकडता येतात. डंबेलला मात्र असा आडोसा नसतो, प्रत्येक हाताला आपापले वजन स्वतःच पेलावे लागते. जुन्या तालमीतल्या मुद्गलाचेही तसेच आहे. एकेका हाताने आळीपाळीने मुद्गल फिरवणाऱ्याला आपला कच्चा हात कोणता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उपायही याच दिशेने जातो. एकेका बाजूचे व्यायाम घ्यावेत : एका हाताने डंबेल रो, एका हाताचा शोल्डर प्रेस, पायांसाठी लंज किंवा स्टेप-अप. प्रत्येक सेट कमकुवत बाजूने सुरू करावा आणि ती जितके रेप्स नीट काढेल तितकेच दुसऱ्या बाजूने काढावेत. डाव्या हाताने 8 झाले, तर उजव्याने 12 शक्य असूनही 8 वरच थांबावे. याने बळकट बाजूची वाढ मंदावते, हे खरे. पण टिकवण्यापुरते काम तिला मिळते आणि दुसरीला गाठायला वेळ मिळतो. कमकुवत बाजूला एखादा सेट जास्त देता येतो. सरसकट दुप्पट व्यायाम देणे मात्र उतावळेपणाचे आहे, कारण त्याने थकवा आणि दुखापत आधी येते. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेच्या सरावाची असते. डोळ्यांना दिसणाऱ्या वाढीला त्याहून जास्त वेळ, अनेकदा महिने, लागतात.

डाव्या-उजव्यापेक्षा पुढच्या-मागच्या बाजूंमधला फरक जास्त दुर्लक्षित राहतो. छाती आणि दंड आरशात दिसतात, पाठ दिसत नाही. मग बेंच प्रेस आठवड्यातून तीनदा होतो आणि रोइंगला मुहूर्त लागत नाही. मांडीचेही तेच : पुढचे स्नायू स्क्वॉटने भक्कम होतात, मागचे हॅमस्ट्रिंग राहून जातात. ढकलण्याच्या व्यायामाइतकाच ओढण्याचा व्यायाम ठेवणे आणि मांडीच्या मागच्या बाजूसाठी रोमानियन डेडलिफ्ट किंवा लेग कर्ल घेणे, एवढी दुरुस्ती बहुतेकांना पुरते.

काही गोष्टी व्यायामाने बदलत नाहीत. पोटावरचे चौकोन समोरासमोर न येणे हे स्नायूला छेदणाऱ्या तंतुमय पट्ट्यांच्या जागेमुळे घडते. पोटरीचा स्नायू किती वर संपतो आणि कंडरा कुठे सुरू होते, हेही जन्मजात असते. क्वचित एखाद्याला एका बाजूचा छातीचा मोठा स्नायू जन्मतःच अपुरा असतो किंवा नसतोच. अल्फ्रेड पोलंड यांनी 1841 मध्ये अशा व्यंगाचे वर्णन केले, म्हणून त्याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. तिथे कितीही बेंच प्रेस केला तरी नसलेला स्नायू तयार होत नाही.

पूर्वी सारखी असलेली एक बाजू थोड्या काळात बारीक होऊ लागली, सोबत मुंग्या, बधिरपणा किंवा पकड सुटणे असेल, तर प्रश्न जिमचा राहत नाही. मान किंवा कमरेत नस दबलेली असू शकते. तिथे वजन वाढवण्याआधी डॉक्टरांची तपासणी हवी.

हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्या हाताचा व्यायाम बंद करण्याची पद्धत मात्र फारशी शहाणपणाची नाही. 1894 मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत एकाच हाताला सराव दिला असता, सराव न केलेल्या हाताची ताकदही वाढलेली आढळली. नंतरच्या संशोधनातही हे दिसत आले आहे. हा लाभ सराव केलेल्या बाजूपेक्षा कमी असतो आणि तो मुख्यतः मज्जासंस्थेतून येतो. तरीही डॉक्टरांची हरकत नसेल, तर धडधाकट हाताचा व्यायाम चालू ठेवल्याने बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते.