दर गुरुवारची एकच विनंती : आमच्या विषयाला वेळ द्या!



आठवीच्या वर्गात संसदेचा धडा चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, संसदेत आज कशावर बोलायचं हे ठरवतं कोण?" मी "अध्यक्ष" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचत राहिलं, कारण ते अर्धवट होतं. आपली संसदीय पद्धत बरीचशी ब्रिटनवरून घेतलेली, म्हणून या प्रश्नासाठी आज थेट लंडनच्या 'हाउस ऑफ कॉमन्स'मध्ये जाऊया.

तिथे 'सभागृह नेते' नावाचं एक पद आहे. आपल्याकडे लोकसभेचे सभागृह नेते बहुधा पंतप्रधानच असतात, त्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये पंतप्रधान वेगळे आणि हे वेगळे. सभागृहात सरकारचं कामकाज कोणत्या दिवशी कोणतं, हे पाहणारे ते मंत्री असतात.

सभागृह चालू असलं की साधारणपणे दर गुरुवारी सकाळी विरोधी पक्षाचा प्रतिनिधी उठून विचारतो, पुढचं कामकाज काय? नेते पुढच्या आठवड्याची यादी वाचतात. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मागच्या बाकांवरचे खासदार बोलण्याची संधी मिळावी म्हणून एकेक करून उभे राहतात. कुणाच्या गावातली बँकेची शाखा बंद होतेय, कुणाकडे रेल्वेगाड्या वेळेवर येत नाहीत, कुणाच्या दवाखान्यात डॉक्टर नाहीत, तर कुणाला आपल्या फुटबॉल संघाचं नुसतं कौतुक करायचं असतं. विषय काहीही असो, शेवट बहुतेक वेळा ठरलेला : "यावर चर्चा ठेवता येईल का?"

आणि उत्तर? स्पष्ट 'हो' फार क्वचित मिळतं. नेते सहानुभूती दाखवतात, विषय संबंधित मंत्र्यांच्या कानावर घालतो म्हणतात आणि दुसरा दरवाजा दाखवतात. आपल्या सरकारी कचेरीत "पलीकडच्या खिडकीवर जा" म्हणतात ना, थोडंसं तसंच! पण इथे पलीकडची खिडकी खरोखर असते, हा फरक.

असं का, हे मुलांना नीट सांगायला हवं. तिथल्या नियमांनुसार सभागृहाच्या वेळेवर पहिला हक्क सरकारच्या कामाचा. अपवाद ठरलेले आहेत. एका सत्रात विरोधी पक्षांना २० दिवस आणि मागच्या बाकांवरच्या खासदारांना ३५ दिवस. हे ३५ दिवस कोणत्या विषयांना द्यायचे, हे २०१० पासून खासदारांचीच एक समिती ठरवते. शिवाय रोजचं कामकाज संपताना अर्धा तास एका खासदाराच्या विषयाला मिळतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. १९९९ पासून 'वेस्टमिन्स्टर हॉल' नावाचं समांतर सभागृहही आहे.

हे दरवाजे नावापुरते नाहीत. १९८९ च्या हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीत एकूण ९७ माणसं गेली. सरकारी कागदपत्रं खुली करा, या मागणीवर एक लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि त्याच समितीने दिलेल्या वेळेत ऑक्टोबर २०११ मध्ये सभागृहात चर्चा झाली.

मला मात्र सर डेव्हिड अमेस यांची गोष्ट सांगावीशी वाटते. साउथएंड वेस्टचे हे खासदार. समुद्रकाठच्या साउथएंडला 'शहर' हा अधिकृत दर्जा मिळावा, हा त्यांचा ध्यास. विषय कुठलाही असो, ते गाडी तिकडेच वळवायचे. सभागृहात हसू पिकायचं. तसं पाहिलं तर या दर्जाने ना जादा निधी मिळतो, ना जादा अधिकार. मिळतो तो मान. पण त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. १५ ऑक्टोबर २०२१ ला मतदारांना भेटत असतानाच त्यांची हत्या झाली. तीन दिवसांनी श्रद्धांजलीच्या वेळी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सभागृहात घोषणा केली की साउथएंडला शहराचा दर्जा मिळणार. १ मार्च २०२२ ला सनद हातात आली. मागणारा तेव्हा नव्हता. ज्या मागणीला सभागृह हसायचं, तिने ते सभागृह गप्प झालं होतं.

मुलं विचारतील, आपल्याकडे असं काही आहे का? आहे. साधारणपणे आठवड्याच्या शेवटी संसदीय कार्य खात्याचे मंत्री पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज सांगतात आणि अमुक विषय घ्या, असं खासदार सुचवतात. विषयांना किती वेळ द्यायचा याची शिफारस कामकाज सल्लागार समिती करते आणि तिचे प्रमुख लोकसभेचे अध्यक्ष. म्हणजे माझं उत्तर अगदीच चूक नव्हतं, हुश्श!

वर्गात हे करून पाहा. एका मुलाला सभागृह नेता करा, फळ्यावर आठवड्याचं वेळापत्रक लिहा, त्यातले फक्त दोन तास मोकळे ठेवा. बाकीच्यांनी एका मिनिटात आपला विषय मांडून वेळ मागायचा. आमच्याकडे नळाला पाणी नाही इथपासून खेळाचा तास गणिताला का देता इथपर्यंत सगळं आलं. नेता झालेला मुलगा पंधरा मिनिटांतच घामाघूम झाला आणि म्हणाला, "सर, सगळ्यांचंच बरोबर आहे, आता कुणाला नाही म्हणू?"