खेळाडू कोणाचा?

दरवर्षी ऑगस्ट महिन्यात जपानमधील कोशिएन नावाच्या क्रीडांगणावर एक हृदयस्पर्शी दृश्य पाहावयास मिळते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून निवडून आलेले शाळांचे बेसबॉल-संघ येथे अखिल जपानी स्पर्धेसाठी जमतात. जो संघ एकदा हरला, त्याची स्पर्धा तेथेच संपते. पराभूत संघातील मुले मग मैदानावर गुडघे टेकतात आणि डोळ्यांतील पाणी पुशीत तेथील काळसर माती लहानशा पिशव्यांत भरून घेतात. पुष्कळ जण ही माती आयुष्यभर जपून ठेवतात. ही स्पर्धा १९१५ साली सुरू झाली आणि १९२४ साली तिच्यासाठी कोशिएनचे विशाल क्रीडांगण उभारले गेले.

ज्या मुलांना आपल्या मैदानाची माती इतकी प्रिय, त्यांतीलच एखादा गुणी मुलगा अठराव्या वर्षी स्वदेशातील संघ सोडून अमेरिकेस जावयास निघाला, तर त्याच्या देशबांधवांस काय वाटेल? त्याने जावे की राहावे, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न जपानी समाजापुढे अनेक वर्षे उभा आहे. तो नीट समजून घ्यावयाचा, तर या खेळाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

बेसबॉल हा क्रिकेटप्रमाणेच चेंडू-दांडूचा खेळ आहे. त्याचा उगम अमेरिकेत झाला. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने तोक्यो येथील आपल्या विद्यार्थ्यांना तो शिकविला. विद्यार्थ्यांनी त्यास असे काही आपलेसे केले, की पुढे त्याला 'याक्यू', म्हणजे मैदानी चेंडूचा खेळ, असे जपानी नावही मिळाले. थोर हायकू-कवी मासाओका शिकी हेही या खेळाचे निस्सीम भक्त होते. अशा रीतीने परक्यांकडून आलेली ही विद्या एका पिढीतच जपानची स्वतःची झाली.

तथापि गुरूची बरोबरी करण्याची ईर्ष्या शिष्याच्या मनात असतेच. १९३४ साली अमेरिकेतील नामांकित खेळाडूंचा एक संघ जपानच्या दौऱ्यावर आला. त्यात बेब रूथ आणि लू गेरिग यांसारखे जगप्रसिद्ध फलंदाज होते. शिझुओका येथील सामन्यात त्यांच्यापुढे एईजी सावामुरा हा अवघा सतरा वर्षांचा तरुण चेंडू फेकण्यास उभा राहिला आणि त्याने अमेरिकेचे चार अव्वल फलंदाज ओळीने बाद केले. जपानी संघ तो सामना एका धावेने हरला. पण त्या दिवसापासून सावामुरा साऱ्या देशाचा लाडका झाला. पाहुण्या संघाच्या व्यवस्थापकास त्याला अमेरिकेत न्यावयाचे होते, असे सांगतात. सावामुरा गेला नाही. १९३६ साली जपानात धंदेवाईक संघांच्या नियमित स्पर्धा सुरू झाल्या, त्यांत तो चमकला. आणि १९४४ साली महायुद्धात त्याचा अंत झाला. जपानमधील उत्कृष्ट चेंडूफेक्यास दिले जाणारे पारितोषिक आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.

दोन्ही देशांतील पहिला मोठा वाद १९६४ साली निर्माण झाला. नानकाई नावाच्या जपानी संघाने मासानोरी मुराकामी या तरुण डावखुऱ्या चेंडूफेक्यास शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले होते. शिकाऊ संघात त्याची कामगिरी इतकी उत्तम झाली, की सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाने त्यास आपल्या मुख्य संघात घेतले. १ सप्टेंबर १९६४ रोजी न्यू यॉर्क येथे तो मैदानावर उतरला. अमेरिकेच्या 'मेजर लीग' या सर्वश्रेष्ठ संघमालेत खेळणारा तो पहिला जपानी होय. आता मात्र दोन्ही संघ त्याच्यावर हक्क सांगू लागले. जायंट्स म्हणत, की करारान्वये ठरलेली रक्कम देऊन आम्ही त्यास विकत घेतले आहे. नानकाईचे म्हणणे होते, की आम्ही त्यास शिकावयास धाडले, विकले नाही. अखेर तडजोड झाली. मुराकामी १९६५ चा हंगाम अमेरिकेत खेळला व १९६६ साली मायदेशी परतला. १९६७ साली दोन्ही देशांच्या संघटनांनी एकमेकींच्या खेळाडूंवरील हक्क मान्य करण्याचा करार केला. मुराकामीनंतर जवळजवळ तीस वर्षे दुसरा कोणीही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही.

ही शांतता १९९५ साली हिदेओ नोमो या खेळाडूने भंग केली. आपल्या संघाशी त्याचे पटेनासे झाले होते. नियमांचा बारकाईने अभ्यास केला असता असे आढळले, की निवृत्ती जाहीर करणाऱ्या खेळाडूवर त्याच्या संघाचा हक्क केवळ जपानपुरताच राहतो. नोमोने निवृत्ती पत्करली व तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात दाखल झाला. प्रथम त्याच्यावर टीकेची झोड उठली. परंतु त्याच वर्षी तो आपल्या विभागातील सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला, आणि टीका करणारेच पहाटे उठून त्याचे सामने पाहू लागले.

नियमातील ही पळवाट ध्यानी आल्यावर १९९८ साली नवी पद्धत ठरली. तिच्यानुसार जपानी संघाने खेळाडूस जाण्याची अनुमती दिली, तर अमेरिकन संघाने त्या संघास मोबदला द्यावयाचा. २००० साली इचिरो सुझुकीसाठी सिॲटल संघाने त्याच्या जपानी संघास सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर दिले, तर २००६ साली दाइसुके मात्सुझाकासाठी बॉस्टनच्या संघाने ५ कोटी ११ लाख डॉलर मोजले. पुढे या पद्धतीत वेळोवेळी बदल झाले. पण खेळाडू घडविणाऱ्या संघास काही परतफेड मिळावी, हे तत्त्व कायम राहिले.

ही व्यवस्था धंदेवाईक खेळाडूंपुरती होती. शाळा, महाविद्यालये व कंपन्यांच्या हौशी संघांतून खेळणाऱ्या तरुणांचे काय? जपानातील बारा धंदेवाईक संघ दरवर्षी अशा तरुणांची क्रमवार निवड करतात. एकाच तरुणावर अनेक संघांनी प्रथम पसंती दर्शविली, तर चिठ्ठ्या टाकून निर्णय होतो. हे तरुण जपानी संघांसाठी सोडावयाचे, असा अमेरिकन संघांचा अलिखित संकेत होता. २००८ साली हा संकेत मोडला. एका तेल कंपनीच्या संघातून खेळणाऱ्या जुनिची ताझावा या बावीस वर्षांच्या तरुणाने, कोणत्याही जपानी संघाने आपली निवड करू नये, अशी विनंती केली आणि तो थेट बॉस्टनच्या रेड सॉक्स संघात गेला.

जपानी संघचालक संतापले. जो तरुण देशातील निवड नाकारून परदेशी संघात जाईल, त्याने परत आल्यावर शालेय खेळाडू असल्यास तीन वर्षे व इतर हौशी खेळाडू असल्यास दोन वर्षे जपानी धंदेवाईक संघांत खेळता कामा नये, असा नियम त्यांनी केला. लोक त्यास 'ताझावा-नियम' म्हणू लागले.

संघचालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेतच एके काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये मज्जाव होता व त्यांचे संघ वेगळे होते. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या थोर खेळाडूने ती भिंत ओलांडली. ही न्यायाची गोष्ट झाली. परंतु पुढे उत्तम खेळाडू एकामागून एक निघून गेले, पुष्कळदा त्यांच्या जुन्या संघांस काही मोबदलाही मिळाला नाही, आणि थोड्याच वर्षांत ते संघ नामशेष झाले. आपल्याही संघांची अशीच गत होईल, असे जपानी चालकांस वाटे. शिवाय परक्या देशातील शिकाऊ संघांत दिवस कष्टाचे असतात. भाषा अनोळखी, वेतन थोडे, आणि गावोगावचे लांबचे प्रवास. अशा स्थितीत एखाद्या कोवळ्या मुलाची उमेद खचली, तर तो इकडचाही राहत नाही व तिकडचाही होत नाही.

उलट पक्षाचे म्हणणेही तितकेच विचारार्ह होते. माणसाचे अंगचे कौशल्य ही त्याची स्वतःची मिळकत आहे. ते कोठे वापरावे हे त्यानेच ठरवावे. ताझावा शाळेत असताना एकाही जपानी संघाने त्यास निवडले नव्हते. तो नावारूपास आल्यावर मात्र त्याचे जाणे सर्वांस खुपू लागले, हे कितपत योग्य?

नियम झाला, पण तरुणांच्या मनातील ओढ थांबली नाही. ईशान्य जपानातील हानामाकी हिगाशी या शाळेच्या दोन खेळाडूंची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. २००९ साली युसेई किकुची या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने जपानच्या बाराही आणि अमेरिकेच्या आठ संघांच्या प्रतिनिधींच्या भेटी घेतल्या. अखेरीस जपानातच राहण्याचा निर्णय जाहीर करताना त्यास अश्रू आवरले नाहीत. पुढे दहा वर्षांनी, २०१९ साली, तो अमेरिकेत खेळू लागला.

त्याच शाळेतील शोहेई ओहतानीने २०१२ च्या ऑक्टोबरात जाहीर केले, की आपण थेट अमेरिकेस जाणार. असे असूनही निप्पॉन-हॅम या संघाने चारच दिवसांनी त्याची निवड केली. आता त्याचे मन कसे वळवावे? संघाने त्यास धाक घातला नाही. त्यांनी सुमारे तीस पानांचे एक टिपण तयार केले. लहान वयात परदेशी गेलेल्या खेळाडूंचे पुढे काय झाले, मेजर लीगमध्ये टिकून राहण्यासाठी कोणती तयारी लागते, याचे सविस्तर विवेचन त्यात होते. त्याचा सूर असा होता, की तुझे स्वप्न सोडू नकोस. त्याकडे जाणारा अधिक भक्कम रस्ता आमच्याकडून जातो. चेंडू फेकणे व फलंदाजी ही दोन्ही कामे करण्याची मोकळीकही संघाने त्यास देऊ केली. आधुनिक काळात हे जवळजवळ अशक्यच मानले जात असे. ओहतानीने आई-वडिलांशी विचारविनिमय केला आणि तो जपानात राहिला.

पाच वर्षे तो त्या संघाकडून खेळला आणि २०१६ साली त्याने संघास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. २०१७ साली संघाने त्यास आनंदाने अमेरिकेस जाऊ दिले व त्याबद्दल संघास २ कोटी डॉलर मिळाले. पुढे २०२१ व २०२३ साली तो आपल्या विभागातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. जे काम नियमाच्या धाकाने झाले नाही, ते विश्वासाने झाले; आणि त्यात खेळाडू व संघ दोघांचेही हित साधले.

ताझावाची कथा मात्र वेगळ्या रीतीने संपली. २०१३ साली अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या रेड सॉक्स संघात तो होता. २०२० साली तो स्वदेशी परतला, तेव्हा त्याच्या नावाचा नियम अजून लागू होता. त्याच वर्षी सप्टेंबरात जपानी संघांनी तो नियम रद्द केला. ऑक्टोबरातील निवडीस ताझावा पात्र ठरला. पण त्याचे वय तेव्हा चौतीस वर्षांचे होते, आणि एकाही संघाने त्याचे नाव पुकारले नाही.

हा प्रश्न आज पूर्णपणे सुटला आहे, असे नाही. हानामाकी हिगाशीचाच रिंतारो सासाकी हा जोरकस फलंदाज २०२३ साली जपानमधील निवडीपासून दूर राहिला व अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षणासाठी गेला. २०२५ च्या जानेवारीत शोतारो मोरी हा अठरा वर्षांचा शालेय खेळाडू थेट एका अमेरिकन संघात दाखल झाला. यापुढेही असे तरुण निघतील, आणि त्यांना निरोप देताना जपानी क्रीडारसिकांच्या मनात अभिमान व हुरहूर या दोन्ही भावना दाटून येतील.

खेळाडूस घडविणाऱ्या शाळेचे, गुरूचे व संघाचे त्याच्यावर ऋण असते, हे खरे. परंतु ऋण म्हणजे बेडी नव्हे. ज्याला प्रेमाने शिकविले आणि विश्वासाने मोठे केले, तो दूर गेला तरी परका होत नाही. कोशिएनची माती पिशवीत भरून घेणाऱ्या मुलास तसे करण्याची आज्ञा कोणी दिलेली नसते. ती तो आपण होऊन घेतो.