जुनी सायकल आणि पोक्त स्वार

कॉलेजांत असतां मी रोज सायकलीवरून जात असें. पुढें नोकरी, संसार आणि लोकलगाडी यांच्या धांवपळींत ती सुटली ती वीस वर्षें सुटली. गतवर्षीं मुलुंडच्या एका गृहस्थांच्या माळ्यावर पडलेली दांडीच्या ब्रेकची पोलादी सायकल मीं अल्प मोलांत घेतली आणि पहिल्याच रविवारीं गोरेगांवहून आरे वसाहतीच्या रस्त्यास लागलों. चढावर दम लागला. पण खरा धडा उतारावर मिळाला. दोन्ही ब्रेक करकचून आवळले तरी सायकल थांबेना! अखेर कडेच्या गवतांत तिला घालून मी पडलों. कोपर खरचटलें, एवढ्यावर निभावलें. दोष सायकलीचा नव्हता; न तपासतां तिजवर बसणाराचा होता. तुमच्या वडीलधाऱ्यांसहि तो धडा उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

प्रथम शरीराचें पाहूं. तोल सांभाळण्याची विद्या एकदां अंगीं मुरली कीं सहसा जात नाहीं. लहान मेंदूच्या साहाय्यानें शिकलेल्या हालचाली वर्षानुवर्षें टिकतात. म्हणून माझे हात पांच मिनिटांतच स्थिर झाले. परंतु हृदयास, फुप्फुसांस व स्नायूंस ह्या स्मरणाचा कांहीं उपयोग नाहीं. तिशीनंतर व्यायाम सुटलेल्या मनुष्याची प्राणवायु वापरण्याची शक्ति दर दहा वर्षांस सुमारें १० टक्क्यांनीं घटते. कला तरुणाची आणि दम प्रौढाचा, अशी ही विषम जोडी होय. यास्तव पहिले कांहीं आठवडे सपाट रस्त्यावर, बोलतां येईल इतक्याच वेगानें, अर्धा तास फिरावें. छातीचें दुखणें असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें.

आतां यंत्राकडे वळूं. पोलाद टिकतें, रबर टिकत नाहीं. सायकल न वापरतां ठेवली तरी हवेनें व उन्हानें रबर कठीण होतें. माझ्या ब्रेकचीं रबरें दगडासारखीं झालीं होतीं. तीं गुळगुळीत रिमेस धरीतना. पोलादी रिम पावसांत भिजली म्हणजे ही अडचण दुणावते. टायर बोटांनीं दाबून भेगा पाहाव्या. साखळीच्या चोवीस कड्या बारा इंच भराव्या. अष्टमांश इंच अधिक भरल्या तर साखळी झिजली असें समजावें. आरे एकेक छेडून पाहावे. सैल आऱ्याचा नाद बद्द येतो. मग दुकानांत चाकाचा आऊट काढून घ्यावा. सांगाड्याच्या सांध्यांस तडा असेल तर मात्र ती सायकल मोडींत घालावी.

हाच नियम दूर देशींहि लागू पडतो. बर्फावरून स्कीवर घसरत जाणारे लोक पोक्त वयांत जुनें साहित्य काढतात, तेव्हां बुटांचें प्लास्टिक ठिसूळ होऊन फुटण्याचें भय असतें. आणि पडतांना पाय मोकळा करणारी कळ अडकली तर हाड मोडतें.

जुनेपणास भिण्याचें मात्र कारण नाहीं. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर प्रवास करून १९२८ च्या मार्चांत परतले. त्यांचा मार्ग वाळवंटांतूनहि गेला होता. सायकल शंभर वर्षांपूर्वींच्या घडणीची असली तरी निगा राखली असतां ती मनुष्यास किती दूर नेते, हें यावरून कळून येईल.

माझ्या सायकलीस नवीं रबरें, टायर व साखळी घालतां मूळ किंमतीहून अधिक पैसे लागले. तरी नव्या सायकलीपेक्षां ती स्वस्तच पडली. आतां दर रविवारीं माझा मुलगा पुढें आणि मी मागें, असे आम्हीं त्याच रस्त्यानें जातों. चढावर तो थांबून माझी वाट पाहातो. उतारावर मात्र मी त्यास म्हणतों, ‘‘बाळ, आधीं ब्रेक दाबून पाहा.’’